नाना बासष्ट, तंबू दीड

तंबू नंतर येतो, त्याचे किस्से आधी जमतात. आमच्याकडे तर इतके जमलेत की सगळे सायकलला बांधले तर जळगावातल्या पिंप्राळ्याच्या बाहेरसुद्धा पडता येणार नाही! वैशालीताई म्हणते, "तूच लिही. तुला सगळं आठवतं, कारण तू दर वेळी घाबरलेली असतेस."

खरं आहे ते.

आम्ही सकाळी सायकल चालवणारे चौघं. नाना, रिटायर झालेले लाइनमन. सलीमभाई, ताडपत्र्या आणि बॅगा शिवणारे. वैशालीताई, शाळेत शिकवते. आणि मी, एम.कॉम. होऊन परीक्षा देत बसलेली, मागे ट्रकचा हॉर्न वाजला की सायकलसकट रस्त्याच्या खाली उतरणारी.

तंबू हवा होता नानांना. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर त्यांनी तरुणपणी खांब उभे केले, तारा ओढल्या, आणि करंट सुटायच्या आधीच त्यांची बदली झाली. "खांब मना, तारा मन्या, आणि लाईट मातर मीच देखा नही!" तिथं सायकलनं जायचं, एक मुक्काम करायचा, पाड्यातले दिवे लागलेले बघायचे. एवढंच.

पण थंडीपासून नानांच्या छातीत खोकला बसला होता. डॉक्टर म्हणाले, सायकल हळूहळू चालवा, पण सामान दोन किलोच्या वर नको. नानांच्या मुलीनं तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं. "दोनच्या आतला तंबू मिळाला तर जा, आबा. नाहीतर घरी बसा!"

आम्ही म्हटलं, नाना, तंबू आमच्या कॅरिअरवर टाकू की!

नाना म्हणाले, "दुसऱ्याच्या खांद्यावर जायचं ते एकदाच. त्याले अजून टाइम शे."

*

दोनच्या आतले तंबू मोबाइलवर ढीगभर दिसतात. किंमत बघितली की मोबाइल उलटा ठेवायचा! नानांच्या औषधांतून उरेल तेवढ्यातच बसवायचं होतं.

म्हणून धुळ्याला गेलो. तिथल्या एका दुकानदारानं फरशीवरच एक तंबू उभा केला. "काका, आत जाऊन लांबी बघून घ्या." नाना आत गेले. आडवे झाले. हात छातीवर ठेवले.

आम्ही चेन बघतोय, शिवण बघतोय, भाव पाडतोय. पाच-दहा मिनिटं झाली. मी आत डोकावले, "नाना?"

उत्तर नाही. "नाना!" तरी नाही!

मी अशी किंचाळले की रस्त्यावरचा रिक्षावाला आत आला.

नानांनी एक डोळा उघडला. "काय वं, झोपू दे ना. आठ दिवसांतून आज डोळा लागला!"

दुकानदार घाम पुसत म्हणाला, "काका, घ्यायचाय की राहायचंय?"

भाव काही जुळला नाही. येताना एसटीत नाना खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मी दर स्टॉपला त्यांच्याकडे बघत होते.

*

मग सलीमभाई म्हणाले, "मीच शिवतो." टरबुजाच्या वाफ्यावर घालतात ना, ते पांढरं क्रॉप कव्हर, त्याचा त्यांनी एका माणसाचा तंबू शिवला. कमानीला ठिबकची नळी. फुंकलं तर उडेल इतका हलका! दिसायला लांबट, पांढरा, जमिनीला चिकटलेला. मला बघताक्षणीच कसंतरी झालं.

ट्रायल यावलजवळ, वैशालीताईच्या भावाच्या केळीच्या बागेत. नाना आत आडवे. तंबू आखूड पडला, त्यामुळे दोन्ही पाय बाहेर. आम्ही बांधावर चहा पितोय.

तेवढ्यात घड कापायला बायका आल्या. पुढच्या अक्कानं ते पांढरं आणि ते दोन पाय बघितले. चप्पल काढली. पदर डोक्यावर घेतला. हात जोडून हळूच विचारलं, "कोन गयं वं माय?"

आतून आवाज आला, "अजून कोनी गयं नही, अक्का!"

बायका पळाल्या. विळे टाकून पळाल्या! आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्या पुढे मी होते.

संध्याकाळी सलीमभाईंनी तो तंबू उसवून टाकला. नाना विचारत राहिले, "अरे, पण हलका व्हता ना?" सलीमभाई शिवणीतला दोरा ओढत राहिले.

*

शेवटी हॉस्टेल सोडून जाणाऱ्या एका मुलाकडून जुना तंबू मिळाला. स्वस्त, धड, पण खिडकी एक नाही.

मे महिन्यात माझ्या गच्चीवर ट्रायल. जळगावचा मे! सलीमभाई आत बसले आणि चेन लावून घेतली. थोड्या वेळानं बाहेर आले ते लालबुंद, शर्ट पिळता येईल असे. म्हणाले, "बेटा, आज मला कळलं. बिर्याणीला दम देताना कोंबडीला काय वाटत असेल!"

त्याच दिवशी त्यांनी दोन बाजूंचं कापड कापून मच्छरदाणीची जाळी लावली. वजनही कमी होईल म्हणाले. आणि तिथून त्यांच्या कात्रीला चेव चढला.

*

वजनाची आमची एक पद्धत होती. सलीमभाईंच्या शेजारी रद्दीचं दुकान, तिथं पोत्यांचा मोठा काटा. त्याची बॅटरी कधीच मेलेली, वायरीवर चालायचा. आणि दहा किलोच्या खालचं काही दाखवायचाच नाही. म्हणून तंबू घेऊन माणसानं चढायचं आणि माणसाचं वजन वजा करायचं.

चढायचे नानाच. "मना तंबू, मीच उचलसू!" त्या धुळ्याच्या फेरीआधी ते एकदा नुसते चढले होते. भरले बासष्ट. काट्याची पायरी उंच, चढलं की नानांना धाप लागायची. त्यांना दोनदा कशाला चढवायचं? बासष्ट तर पाठच होतं!

पहिल्या दिवशी तंबू भरला साडेसहा. जाळी लागल्यावर पाच! सलीमभाईंनी आतले खिसे कापले, चार! नानांनी लोखंडी खुंट्या काढून ॲल्युमिनियमच्या तारेच्या वळवल्या, तीन!

"एक खिसा कापला की किलो जातो!" सलीमभाई कात्रीचं चुंबन घ्यायचे. "बरकत आहे हिच्यात!"

वैशालीताई म्हणायची, "हाताला तर तेवढाच जड लागतो."

"हाताचं काय ऐकते? काटा बोलतोय ना!"

त्याच दिवसांत सलीमभाईंनी बॅगांना भोकं पाडायच्या पंचनं नानांच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं. नंतर अजून एक. नाना म्हणाले, "उन्हाळ्यात बठ्ठाच सुकतस." आम्हालाही पटलं, उन्हाळ्यात सगळेच सुकतात.

*

गणपती उठले आणि शेवटचं वजन झालं. नाना चढले. साडेत्रेसष्ट.

"बासष्ट वजा," सलीमभाई ओरडले, "दीड! नाना, दीड!"

वैशालीताईनं पेढे आणलेच होते. नानांनी तिथूनच मुलीला फोन लावला. "दीड भरला! परवा निघसू!" मग धाप लागली म्हणून ते बाकावर बसले आणि बशीत चहा ओतला.

मला उगाच हौस आली. नानांचा तंबू छातीशी धरून मी काट्यावर चढले. आकडा बघितला. तंबू खाली ठेवला. परत आकडा बघितला.

आकडा साडेपाच किलोनं उतरला होता.

मी परत उचलला. परत ठेवला. साडेपाच. वैशालीताई माझ्याकडे बघत होती. तीच आली. तंबू घेऊन चढली, ठेवून चढली. साडेपाच.

साडेत्रेसष्टातून साडेपाच गेले तर नाना किती उरतात, ते सलीमभाई बोटांवर मोजायला लागले आणि हातातला अर्धा पेढा तसाच राहिला.

"काय रे?" नाना बशीवरून म्हणाले. "गप का झाले बठ्ठे?"

"काही नाही, नाना."

"थांबा, मी परत चढसू. तंबू खाली ठेवा. नुसता चढसू." नाना बाकाला हात टेकून उठायला लागले.

सलीमभाई भिंतीकडे गेले आणि त्यांनी काट्याची वायर खेचून काढली. "लाईट गेली, नाना."

आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. आयुष्यभर खांबावर चढलेले नाना त्या पंख्याकडे बघत राहिले. मग हळूच खाली बसले.

"हां," म्हणाले, "गयी शे." आणि उरलेला चहा बशीत ओतला.