न विकलेलं दूध

माझ्या सासरी दही विकत आणणं म्हणजे जवळजवळ बेअब्रूच. डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे, नवरा आणि मी. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. बोलणं स्वच्छ, स्वयंपाकघर त्याहून स्वच्छ, आणि दही असं की भांडं तिरकं केलं तरी जागचं हलायचं नाही. शेजारणी त्यांच्याकडे विरजण मागायला यायच्या आणि त्या चमचाभर दही अशा ऐटीत द्यायच्या की मला मनातल्या मनात हसू यायचं. मी कोलशेतची, आगऱ्यांच्या घरातली. आमच्या गोठ्यात म्हशी होत्या, पण दह्याचं एवढं कौतुक कुणाला नव्हतं. दूध गिऱ्हाइकाला घालायचं, उरलं तर चहात.

लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. ठाण्यातल्या ज्या कचेरीत मी टायपिंग करायचे तिथेच हा कारकून होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सासरच्यांनी विरोध केला नाही, आनंदही दाखवला नाही. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सासूबाई आधी मी पदवीधर असल्याचं सांगायच्या आणि मग माहेर कुठलं ते. मला ते झोंबायचं. पण मीही काही साधी नव्हते. कोलशेत म्हणजे कुठे, असं कुणी विचारलं की मी ‘ठाण्याला’ एवढंच म्हणून विषय संपवायचे. खाडी, गोठा, शेण यातलं काही बोलायचे नाही. म्हणजे लाज त्यांना वाटत असेल नसेल, मला मात्र वाटत होती.

अशा घरात माझे बाबा यायचे. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, हातात दुधाने काठोकाठ भरलेला कडीचा डबा. कोलशेतहून बसने ठाणं, तिथून गाडीने डोंबिवली, आणि एवढ्या प्रवासात थेंबही सांडलेला नसायचा. दारातच चप्पल काढायचे, खुर्चीत बसायचे ते अगदी कडेला. ‘लेकीकडं रिकाम्या हातानं कसा येनार,’ म्हणत डबा सासूबाईंपुढे करायचे. सासूबाई दोन्ही हातांनी घ्यायच्या. दूध उकळायला ठेवलं की साय अशी जाड यायची की सासरे उठून बघायला जायचे. त्या वेळी माझी मान जरा ताठ व्हायची. म्हशीचं निर्भेळ दूध, पाण्याचा थेंब नाही, आणि तेही फुकट. या घरात माझ्या माहेराला जी काही किंमत होती ती त्या डब्यामुळे, असं मी धरून चालले होते.

बाबांच्या येण्याला एक विचित्र तऱ्हा होती. महिनाभर फिरकायचे नाहीत आणि मग सलग दोन-तीन दिवस रोज यायचे. पावसाळ्यात तर फारच. मला वाटायचं, आठवण दाटून आली की माणूस असंच करणार. नवऱ्यालाही मी तसं सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, ‘भाग्यवान आहेस बाई.’

पहिल्यांदा दही लागलं नाही तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सकाळी भांडं उघडलं तर दूध जसंच्या तसं, वर थोडंसं पाणी, वास मात्र नकोसा. सासूबाई म्हणाल्या, विरजण जुनं झालं असेल. दुसऱ्या वेळी त्यांनी शेजारणीकडून विरजण आणलं. ज्या बाईने आयुष्यभर दिलं तिला मागायला जावं लागलं, तेही सकाळीसकाळी, वाटी पदराखाली झाकून. तरी दही लागलं नाही. मग भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून झालं, कणकेच्या डब्यात पुरून झालं. काही केल्या लागेना. मग एके दिवशी, सासरे समोर पेपर वाचत बसलेले असताना, सासूबाईंनी मला विचारलं, “काल विरजण तू लावलंस ना? तुला अडचण तर नव्हती?”

सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला. माझे कान तापले. अडचण नव्हती. पण ‘नव्हती’ म्हणताना माझा आवाज असा निघाला की मलाच तो खोटा वाटला. त्या दिवसापासून दही लावायचं काम माझ्याकडून आपोआप गेलं. कुणी काढून घेतलं नाही. फक्त संध्याकाळी मी ओट्याजवळ गेले की भांडं आधीच झाकलेलं असायचं.

माझ्यावरचा संशय फार टिकला नाही, कारण बाई हुशार होत्या. बाबांचा डबा येत नसला की घरात पिशवीचं दूध यायचं, आणि त्याचं दही मुकाट लागायचं, मी शिवले तरी. हे त्यांच्या लक्षात आलं. त्या एकदा भाजी निवडता निवडता अगदी हळू म्हणाल्या, “रागावू नकोस हं. दूध नासू नये म्हणून काही लोक त्यात खायचा सोडा घालतात म्हणे. तुझ्या बाबांना विचारून बघ ना.”

मी रागावले. चांगलीच रागावले. ‘माझे बाबा दुधात पाणी घालत नाहीत, सोडा कुठला घालणार! पहाटेपासून गोठ्यात राबतात ते. गिऱ्हाईक डोळे मिटून विश्वास ठेवतं त्यांच्यावर,’ असं बरंच काही बोलले. नवरा बाहेरच्या खोलीतून आत आला आणि परत गेला. सासूबाई शांतपणे गवारीच्या शिरा काढत राहिल्या. त्यांनी उलटून बोलायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. मी तोऱ्यात सांगून टाकलं की रविवारी स्वतः कोलशेतला जाते आणि काय आहे ते बघून येते.

गेले. पाऊस चालू होता, गोठ्यात चिखल. आमची सगळ्यात जुनी म्हैस एका बाजूला बांधलेली, शिंगाला लाल चिंधी. तिच्या कासेची एक बाजू दगडासारखी टणक झाली होती. जनावरांचे डॉक्टर, तरुण होते, उकिडवे बसून तिच्या सडात औषधाची बारीक ट्यूब सोडत होते. बाबा तिचं तोंड धरून उभे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आलीस बाय! बरा झाला. आता तुजा डबा तुज्याच हाती देतो.”

मला काही कळेना. मी विचारलं, “कुठला डबा?”

“हिचा. हिचं दूध आता मिठाईच्या दुकानात चालत नाय ना. डॉक्टर बोलला, औषद हाय तोपर्यंत इकू नको. संपल्यावर पन तीन दिस इकू नको. आनि त्या दुकानवाल्याचं मागं दही लागला नाय, तवापासून त्यालाबी मी हिचा थेंब देत नाय. चिंदी बांधतो, येगळी बालदी, हिची धार सगल्यात शेवटी पिलतो. एकदा चूक नाय केली.”

हे सगळं ते अभिमानाने सांगत होते. डॉक्टर हात धुता धुता थांबले.

“अहो, मग ते दूध करता काय? मी ओतून द्यायला सांगितलं होतं.”

“तू बोलला इकू नको,” बाबा म्हणाले. “मी इकला का? लेकीला देतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मग ते समजावून सांगायला लागले. औषध म्हशीच्या दुधात उतरतं, उकळून जात नाही. विरजणातले जंतू त्याने मरतात, म्हणून दही लागत नाही. माणसाच्या पोटात ते विनाकारण जातं, कुणाच्या अंगावर गांधी उठतात, आणि उद्या खरोखरच आजारी पडल्यावर तेच औषध लागू पडेनासं होतं. ते चांगलं बोलत होते, पण मला अर्धंच ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई होत्या, वाटी पदराखाली झाकून जिना उतरणाऱ्या. आणि सलग दोन-तीन दिवस रोज येणारे बाबा. म्हणजे म्हैस आजारी पडली की यांना माझी आठवण यायची तर.

मी बाबांवर ओरडले. डॉक्टर समोर असताना, आई दारात उभी असताना. “दुकानवाल्याला चालत नाही ते आम्हाला चालतं? आम्ही काय तुमचं गटार आहोत? त्या घरात मी कशी राहते ते तरी माहीत आहे का तुम्हाला?”

बाबा गोंधळले. खरंच गोंधळले, त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं. “तो गिऱ्हाईक हाय,” ते म्हणाले. “त्याला फसवाचा नाय. तू काय गिऱ्हाईक हायेस? आमी पन तोच पितो. तुजी आई पिते, मी पितो. घरात तोच असतो. चांगला सगला रतिबाला जातो, त्यातला तुला कुठून आनू? आनि रिकाम्या हातानं त्या घरात मी कसा येऊ?”

आईने मान हलवली. तिच्या हातात चहाचा पेला होता आणि तो चहा त्याच दुधाचा होता.

त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण माझा राग इतका वर चढला होता की तो खाली उतरवणं मला जमलं नाही. शिकलेल्या मुलीचा राग होता तो, त्यात शब्दांची कमतरता नव्हती. मी म्हणाले, यापुढे तुमच्याकडचं काहीही आणू नका. डॉक्टरांनी बॅग उचलली आणि छत्री न उघडताच निघून गेले. बाबांनी ती वेगळी बालदी उचलली, गोठ्यामागच्या नाल्यापाशी नेली. ओतताना त्यांचा हात दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड फिरवून ओतलं. आईने लांबूनच हात जोडले.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, म्हशीला औषध चालू होतं, बाबांच्या लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, “सोडा नव्हता ना, मग झालं. त्यांना काही बोलू नकोस हं तू. बिचारे एवढ्या लांबून घेऊन येतात.” मी मान डोलावली. बोलून तर आलेच होते. त्यांच्या त्या साध्या वाक्याने मला जेवढं खाली पाहायला लावलं तेवढं ‘अडचणी’च्या प्रश्नानेही लावलं नव्हतं. त्या प्रश्नाबद्दल त्याही कधी काही बोलल्या नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

आमच्या घरात दही पुन्हा पहिल्यासारखं लागायला लागलं. बाबा मात्र यायचे बंद झाले. गणपती गेले, दिवाळी गेली. आईकडून कळायचं की लाल चिंधी अजून बांधतात, आणि ती असेपर्यंत त्या म्हशीचं दूध आता घरातही कुणी घेत नाही, सगळं ओततात. डॉक्टर कौतुक करून गेले म्हणे. मी कामाचं निमित्त सांगून कोलशेतला जाणं टाळत राहिले. राग कधीच गेला होता. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी दार वाजलं. बाबा होते. तोच पांढरा लेंगा, टोपी, पण हातात डबा नव्हता. स्टेशनाबाहेरच्या बूथवर मिळतात तशा दुधाच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, थंडगार, त्यांचं पाणी लेंग्यावर ठिबकत होतं. जन्मभर ज्यांनी दूध विकलं, त्यांनी ते विकत घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना त्या पिशव्या नीट धरताही येत नव्हत्या.

सासूबाई लगबगीने पुढे आल्या, या या म्हणाल्या. बाबांनी पिशव्या त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे दिल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

“घे,” ते हळूच म्हणाले. “इकत आनलाय. सासूला सांग, आमच्या घरचा नाय.”