शेरा: समोर उभी

त्या घरात रिमोट नव्हता असं म्हणणं तितकंसं खरं नाही. एकोणीस वर्षं होता, आणि तो स्वयंपाकही करत असे.

"अगं, आवाज जरा कमी कर," अशी हाक बाहेरच्या खोलीतून आली की टेलिफोनबाई गॅस बारीक करायची, हात पुसत बाहेर यायची, अँप्लिफायरचं मोठं बटण डावीकडे फिरवायची आणि परत ओट्याशी जायची. फोडणीत मोहरी पडते न पडते तोच दुसरी हाक.

"इतका नव्हे गं!"

टेलिफोनबाई हे तिचं नोकरीतलं नाव. एकतीस वर्षं तिने एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडले. कानाला यंत्र लावून दोन माणसांच्या मधोमध बसायचं आणि दोघांनाही आपण तिथे आहोत हे कळू द्यायचं नाही, हे तिचं काम. ते तिला इतकं जमलं होतं की निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात तिचा उल्लेख करायचाच राहून गेला.

नवरा वजनमापं खात्यात निरीक्षक होता. दुकानांतले काटे, लिटरची मापं, कापडवाल्यांच्या गजपट्ट्या तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं. नोकरी संपली तरी तपासणी संपली नाही. घरात गॅसच्या टाकीची एक वही होती, बल्ब कधी लावले आणि कधी गेले याची दुसरी, आणि प्रत्येक वहीत शेवटचा रकाना 'शेरा'. वहीत त्याने जन्मात खोटा आकडा लिहिला नव्हता. बोलताना मात्र तो अधूनमधून सवलत घेत असे.

त्याची खरी दौलत म्हणजे लाकडी कपाटात एकावर एक रचलेली चार यंत्रं. खाली अँप्लिफायर, त्यावर कॅसेट डेक, मग सीडी प्लेअर, आणि डोक्यावर व्हीसीआर. चौघंही एकाच कंपनीची आणि चौघांना मिळून एकच रिमोट. तो रिमोट एकोणीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या गाऊनच्या खिशातून साबणाच्या पाण्यात गेला. तिचं म्हणणं, खिशात विसरला कोण? त्याचं म्हणणं, खिसे न तपासता भिजवला कोण? तो खटला अजून चालू होता आणि निकालाची घाई दोन्ही पक्षांना नव्हती.

पूर्वी नवरा निदान कधीमधी स्वतः उठायचा. दोन महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेही बंद झालं. खालच्या मजल्यावर मुलगा-सून राहत. मुलाने सुचवून पाहिलं, "बाबा, फोनवर ऐका ना गाणी." त्यावर उत्तर मिळालं, "फोन बोलायला असतो." एका रविवारी सुनेने सहज हाका मोजल्या. दुपारपर्यंत सव्वीस झाल्या.

आणि नेमकं तेव्हाच टेलिफोनबाईच्या धाकट्या बहिणीने बोलावणं धाडलं. "ताई, पंधरा दिवस ये. काही काम करायचं नाही, नुसतं बसायचं." गेल्या एकोणीस वर्षांत टेलिफोनबाई एका रात्रीपलीकडे कुठे राहिली नव्हती. नुसतं बसायचं, हे शब्द तिने मनात दोन-तीनदा म्हणून पाहिले.

"आई, तुम्ही जाच," सून म्हणाली. "जेवण मी वर आणून देईन. व्यायामवाल्या बाई येतातच रोज."

नवरा म्हणाला, "जा की. मी कुठे नको म्हटलं? फक्त गाणी कोण लावणार, तेवढं सांगून जा."

गाडी शनिवारची होती. आदल्या शनिवारी टेलिफोनबाई रिमोटच्या दुकानात उभी राहिली.

दुकान कसलं, चार पावलांची बोळ. दोन्ही भिंतींवर खुंट्यांना रिमोट टांगलेले. दुकानदाराने तिच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर वाचला आणि तिच्याकडे आदराने पाहिलं.

"हे अजून चालतं?"

"चालतं. मी चालवते."

"ओरिजिनल आता विसरा. शिकणारा रिमोट आहे, पण त्याला शिकवायला आधी ओरिजिनल लागतो."

"तो असता तर मी आले असते का?"

मग दुकानदाराने पहिला रिमोट दिला. घरी नवऱ्याने तो तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला आणि परत दिला. "वजन नाही. पंखा लावला तर उडेल." ती तो बदलून दुसरा घेऊन आली. त्याला चोपन्न बटणं होती.

"यातल्या बारांचं काम मला कळलं. बाकीची कशाला?"

"दाबू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

"काम नसलेली माणसं आम्ही खात्यातसुद्धा ठेवली नव्हती," तो म्हणाला.

तिसरा काळा, जाडजूड, ठळक बटणांचा. कुठल्याही कंपनीच्या यंत्राला चालणारा, फक्त आपल्या यंत्राचा आकडी कोड त्यात भरायचा. सोबतच्या पुस्तिकेत त्यांच्या कंपनीपुढे बहात्तर कोड छापले होते. त्यातला कुठला तरी एक लागेल, असं दुकानदाराने सांगितलं. वजन, बटणं, पकड, सगळं तपासून नवऱ्याने नाइलाजाने मान हलवली. बोट ठेवायला जागाच सापडेना.

सोमवारपासून तपासणी सुरू झाली. नवीन वही निघाली. रकाने चार: क्रमांक, कोड, निकाल, शेरा. नवरा खुर्चीत, कपाटापासून सहा फुटांवर. अँप्लिफायरचा लाल दिवा तिळाएवढा, तो लागला की नाही हे खुर्चीतून दिसायचं नाही. म्हणून टेलिफोनबाई चष्मा लावून, गुडघ्यांवर हात ठेवून, कपाटासमोर वाकून उभी. तिची पाठ चांगली भरदार होती. नोकरीत एकतीस वर्षं बसून कमावलेली.

"कोड एक. दाबला. लागला?"

"नाही."

"नापास. कोड दोन. दाबला. लागला?"

"नाही."

रोज अठरा कोड. त्याहून जास्त घेतले तर तपासणीत हयगय होते, असा त्याचा नियम. सोमवारी अठरा नापास, मंगळवारी अठरा, बुधवारी अठरा. गुरुवारी दुपारी बहात्तरावा कोडही पडला. नवऱ्याने वही मिटली आणि उसासा टाकला. उसासा जरा जास्तच खोल होता.

"आपण प्रयत्न केले. आता काय करणार? बहिणीला कळवून टाक."

टेलिफोनबाईने फोन लावला. लाइन व्यस्त होती. जन्मभर हे वाक्य तिने दुसऱ्यांना ऐकवलं होतं, आज तिला ते बरं वाटलं. तोवर रिमोट तरी परत करून येऊ म्हणून तिने पायात चपला घातल्या.

दुकानदाराने रिमोट उलटसुलट करून पाहिला. सेल पाहिले. मग विचारलं, "दाबायचं कोण?"

"हे. खुर्चीतून."

"आणि तुम्ही?"

"मी मशीनसमोर. वाकून. दिवा बघायला."

"समोर म्हणजे, मध्ये?"

टेलिफोनबाईने हळूच मान हलवली. दुकानदार आवाज शक्य तितका नम्र ठेवून म्हणाला, "बाई, कंपन्यांनी पुष्कळ प्रगती केली आहे. पण तुमच्यातून आरपार जाईल असा रिमोट अजून निघालेला नाही."

परतीच्या वाटेवर तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. एकतीस वर्षं दोघांच्या मध्ये बसून तिने कुणाचं बोलणं अडवलं नव्हतं, आणि घरी चार दिवस भिंतीसारखी उभी राहिली. नवऱ्याला काय सांगायचं? बिचारा बहात्तर वेळा दाबून दमला.

ती आली तेव्हा नवऱ्याचा खुर्चीतच डोळा लागला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून तिने वही उघडली. पहिले अठरा: नापास, नापास, शेऱ्याचा रकाना कोरा. एकोणिसाव्या ओळीत मात्र त्याच्या सुबक अक्षरात शेरा होता: 'समोर उभी.' विसाव्यातही 'समोर उभी.' मग खाली, सरळ बहात्तरपर्यंत, वरच्यासारखंच अशी खूण.

"अहो."

त्याने डोळे उघडले. आधी तिच्याकडे, मग वहीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"नोंद."

"म्हणजे मंगळवारपासून तुम्हाला माहीत होतं!"

"शंका होती."

"चोपन्न वेळा?"

"लिहिलं ना मी? खोटं लिहिलंय का कुठे?"

"आणि तोंडाला काय झालं होतं?"

नवरा वॉकरच्या रबरी पायांकडे बघत राहिला. ते चार होते, तपासण्यासारखं त्यांत काही नव्हतं. मग पुटपुटला, "पंधरा दिवस म्हणजे फार होतात गं."

टेलिफोनबाईच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. गाऊनच्या खिशापासून सुरुवात करावी असा विचारही तिने केला. पण वहीतल्या त्या खुणा एकाखाली एक इतक्या इमानाने काढल्या होत्या, की तिला हसूच फुटलं आणि राग वाया गेला.

"घ्या रिमोट," ती म्हणाली. "कोड एक."

"आज अठराच."

"आज लागेपर्यंत."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून. तेविसाव्या कोडला कपाटात खट् झालं आणि डेकमध्ये अडकून राहिलेलं अर्धं गाणं खोलीभर सुरू झालं. दोघंही दचकले. नवऱ्याने आवाज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. चेहरा गंभीर ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण अंगठा काही ऐकेना.

"लिहा," ती म्हणाली. "तेवीस, पास. शेरा: खिडकीपाशी उभी."

त्याने लिहिलं.

शनिवारी खाली गाडी आली. सून बॅग घेऊन पुढे गेली. टेलिफोनबाईने जादा सेल, औषधं, सुनेचा नंबर, सगळं खुर्चीशेजारी मांडलं आणि जाता जाता सवयीने फडकं घेऊन अँप्लिफायरवरची धूळ पुसायला उभी राहिली. नवऱ्याने रिमोट उचलून बटण दाबलं. काही झालं नाही.

"बघ," तो म्हणाला. "तू असलीस की चालत नाही."

"म्हणून तर जातेय."

ती एक पाऊल बाजूला सरली. गाणं लागलं. नवऱ्याने मान डोलावली, निकाल मान्य असल्यासारखी.

"पंधरा म्हणजे पंधराच ना?"

"मोजा की वहीत."

ती जिन्यावर आली. मागे गाण्याचा आवाज चढला, आणखी चढला, शेजारच्यांचं दार वाजेल इतका. तेवढ्यात ओळखीची हाक आली, "अगं, आवाज जरा—" आणि अर्ध्यावर थांबली. टेलिफोनबाईचा पाय पायरीवर थबकला. क्षणभराने आवाज आपोआप खाली आला, जवळजवळ ऐकू येईनासा.

इतका नव्हे, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. मग तिने कठड्याला हात घातला आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेली.