करपल्याची चव

बायको आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली आणि तिच्यामागे मीही आलो. सिगारेट सुटावी म्हणून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, घेतला, तो बसस्टॉपजवळच्या छोट्या दुकानातून. दुकानदार साठीचा, बोटांना कायम कापूस चिकटलेला. त्याने माझं नाव विचारलं नाही, मीही त्याचं विचारलं नाही.

दर शनिवारी तो माझी कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी इवलीशी तार, चिमट्यात धरून उजेडात बघायचा. तिच्यावर काळी पुटं चढलेली असायची. "गोड फ्लेवर ओढतोस ना," म्हणत तो जुना कापूस काढायचा आणि कोमट पाण्यात मऊ ब्रशने तार हळूहळू घासायचा.

एकदा मी फुशारकीने म्हणालो, "व्हेपवर टेम्परेचर कंट्रोल लावल्यापासून तार जास्त तापतच नाही, करपल्याची चवच येत नाही. आता ही खूप टिकेल."

हात न थांबवता तो म्हणाला, "पुटं चढतातच रे. मशीन करपू देत नाही, म्हणून तुला कळत नाही. अधूनमधून उघडून बघावं लागतं."

बोलताना तो खोकायचा. "कसे आहात?" विचारलं की "ग्रँड" म्हणायचा. मला वाटायचं, ग्रँड म्हणजे झकासच असणार. इथे त्याचा अर्थ 'चाललंय, जास्त विचारू नकोस' असाही होतो, हे बायकोने फार उशिरा सांगितलं.

एका शनिवारी दुकान बंद होतं. शेजारची फुलवाली म्हणाली, "गेला तो. वर्षभर आजारी होता."

त्याने दर आठवड्याला माझी कॉइल उघडून पाहिली. मी त्याच्या 'ग्रँड'वर एकदाही "खरंच?" म्हणालो नाही.