मामांची निळी पाटी

आमच्या हिचे मामा हे अख्ख्या दौंडातले सर्वांत धाडसी गृहस्थ आहेत, आणि सर्वांत भित्रेही तेच आहेत. पस्तीस वर्षं त्यांनी मालगाडीवर गार्ड म्हणून काढली. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा माणूस, हातात कंदील, भोवती आडरान, आणि पुढचा सिग्नल कधी पडेल ते देवाला ठाऊक. एकदा म्हणे चार दरोडेखोर त्यांच्या डब्यात चढले. मामांनी त्यांना विनातिकीट चढल्याबद्दल झाप झाप झापलं आणि मग स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजून पुढच्या स्टेशनात उतरवून दिलं. असा हा माणूस. पण टीव्हीच्या पडद्यावर निळी पाटी आली की त्यांना दरदरून घाम फुटतो. ‘हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये समाविष्ट नाही’ एवढंच त्या पाटीवर लिहिलेलं असतं. ते वाचून मामा छातीवर हात ठेवून खुर्चीत बसतात आणि मामी स्वयंपाकघरातून न बघताच विचारतात, “गेलं का पुन्हा?”

चॅनेल फुटबॉलचं. दौंडला फुटबॉल नवा नाही. रेल्वेच्या मैदानावर मामा तरुणपणी उजव्या बगलेतून खेळायचे आणि डावा गुडघा तिथंच ठेवून आले. पण ती हौस झाली. हौसेपायी कुणी पहाटे पाचला उठून, दातांवर ब्रश तसाच ठेवून, चॅनेल जागेवर आहे का ते बघत नाही. मामा बघतात. दुपारी जेवणाआधी बघतात, जेवणानंतर बघतात. रिमोटला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत, कारण चुकून भलतं बटण दाबलं तर पॅक तुटतो अशी त्यांची ठाम समजूत आहे. गच्चीवरच्या टीव्हीच्या छत्रीभोवती त्यांनी चुन्याचं रिंगण काढलंय आणि मामींना त्या बाजूला पापड वाळत घालायला बंदी आहे. एकदा छत्रीवर वानर येऊन बसलं. मामा खालून हात जोडून त्याला म्हणत होते, “बाबा रं, उतर. काय पायजे ते घेऊन जा, पन उतर!” मामींची पाव किलो शेंगदाण्याची चिक्की त्या वाटाघाटीत खर्ची पडली.

पॅक नावाच्या प्रकरणाने तर त्यांना जेरीस आणलं. अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी त्यांनी आयुष्यभर सुरळीत नेली, पण हे जोडकाम त्यांना कधी कळलं नाही. फुटबॉलचं एक चॅनेल हवं तर त्याच्याबरोबर मासे शिजवायचं एक, परभाषेतली कार्टूनं तीन आणि कोण कुठले लोक दिवसभर घरं विकत घेतात ते दाखवणारं एक, असा सगळा लबेदा घ्यावा लागतो. “जावईबापू,” ते मला म्हणायचे, “मला एक डबा पायजे, तर म्हंत्यात पुरी गाडी घ्या. आन् गाडी घेतली की म्हंत्यात, तो डबा आता दुसऱ्या गाडीला लावलाय!” दर वाढला की मामा घरातलं काहीतरी कमी करत. आधी वर्तमानपत्र गेलं, मग संध्याकाळची बिस्किटं गेली, मग मामींच्या मालिकांचं चॅनेल गेलं. कंपनीला फोन करताना मात्र ते उभे राहतात, सदऱ्याची वरची गुंडी लावतात आणि पलीकडच्या पोरीला ‘म्याडम’ म्हणतात. इतकं कशाला म्हणून मी चिडलो, तर म्हणाले, “त्यांच्या हातात खटका हाय. उलटं बोललं की दाबला खटका!”

गेल्या वर्षी कहर झाला. दौंडच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी ज्याला अडचण असेल तो उभा राहून प्रार्थनेची विनंती करतो. पॅक संपायला चार दिवस होते. मामा उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या घरात एक नाजूक अवस्थेत हाय. गुरुवारपर्यंत काय ते कळंल. मंडळींनी आठवण ठेवावी.” मंडळींनी इतकी आठवण ठेवली की सोमवारी सकाळी मामींकडे अकरा बायका मोसंबी घेऊन आल्या. मामी तेव्हा अंगणात कुऱ्हाडीनं लाकडं फोडत होत्या. त्या दिवशी मामींनी नवऱ्याला काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पण मालिका बंद झाल्या तेव्हा ही बाई एक अक्षर बोलली नव्हती, कारण हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय ते तिला माहीत होतं.

तो होता थोरल्यांसाठी. थोरले म्हणजे मामांचे सख्खे मोठे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, शिरूरच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. अकरा वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा तिच्या कबरीच्या दगडावर बायबलमधलं कोणतं वचन कोरायचं यावरून दोघांत जुंपली. थोरल्यांना एक हवं होतं, मामांना दुसरं. आज त्या दगडावर आईचं नाव आहे आणि नावाखाली कोरी जागा आहे. आठ वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग एकदा थोरले दौंडला लग्नाला आले, परतीची गाडी चुकली, आणि मामींनी त्यांना जवळजवळ ओढत घरी आणलं. टीव्हीवर फुटबॉल चालू होता. दोघे दिवाणाच्या दोन टोकांना बसले. मग थोरले पडद्याकडे बघून म्हणाले, “हा पंच आंधळा आहे काय?” आणि मामा, तेही पडद्याकडेच बघून, म्हणाले, “जलमाचा आंधळा.”

झालं. तेव्हापासून तीन वर्षं, दर शनिवारी दुपारी, थोरले शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं दौंडला येतात. संध्याकाळचा सामना बघतात आणि शेवटच्या गाडीनं परत जातात. दिवाणावर दोघांच्या मध्ये एक वीत अंतर असतं. एकमेकांशी बोलायचं नाही, जे काय ते पंचाशी. “काही पंचांना वाटतं, लहान आहोत म्हणजे सगळं माफ.” “काय काय पंचांना मोठेपना लई!” सामना कोण जिंकला ते दोघांनाही आठवत नाही. मामांना एवढंच कळलं होतं, की सामना आहे तोवर भाऊ आहे. चॅनेल गेलं तर थोरले कशाला येतील? आणि शनिवारची सवय एकदा मोडली तर या वयात पुन्हा लागायची कधी? थोरल्यांच्या छातीत मागं एकदा दुखून गेलंय. मामा निळ्या पाटीला भीत होते ते यासाठी.

आणि यंदा ती आली ती ठाण मांडूनच. शुक्रवारी दुपारी शिक्रापूरला कारखान्यात मी शिफ्टच्या गडबडीत असताना मामांचा फोन. आवाज ओळखू येईना. “जावईबापू, गेलं. साफ गेलं. नव्या पॅकात टाकलंय, आन् वर्षाचे एकदम भरा म्हंत्यात.” वर्षाचे म्हणजे त्यांच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा. त्या महिन्याची पेन्शन मामींच्या मोतीबिंदूत गेली होती. मी म्हणालो, मी भरतो. तर उसळले, “जावयाच्या पैशानं भावाला घरी आनू व्हय?” मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “तुम्ही शिरूरलाच ऱ्हाता. दादाकडं जा. सांगा, टीव्ही दुरुस्तीला टाकलाय, उद्या येऊ नका. पुढच्या म्हैन्यात या. पन असं सांगा, की यायचं बंद नाय झालं पायजे!” हे कसं सांगायचं ते मात्र मामांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी थोरल्यांच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. आतून पंचाची शिट्टी ऐकू आली. दार ढकलून बघतो तर थोरले टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर दोनशे पानी वही, हातात लाल पेन, आणि पडद्यावर तोच फुटबॉल, तेच चॅनेल! मला बघून त्यांनी वही उशीखाली सारली आणि टीव्ही बंद केला. कॉपी करताना सापडलेल्या विद्यार्थ्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“तुम्ही काहीही पाहिलेलं नाही,” ते म्हणाले.

“अहो, काय पाहिलं नाही? तुमच्याकडे हे चॅनेल कधीपासून आहे?”

“तीन वर्षं.” मान खाली घालून त्यांनी वही काढून माझ्या हातात दिली. पाठाचं टाचण होतं ते, मास्तर लोक तासाआधी काढतात तसं. ‘ऑफसाइड : व्याख्या, तीन उदाहरणं. पिवळं कार्ड : केव्हा?’ दर शनिवारच्या नावानं एक पान. “मला यातलं काही कळत नाही हो,” थोरले म्हणाले. “आवडतही नाही. पण तिथं दीड तास बसायचं, तर बोलायला काहीतरी हवं. आठवडाभर बघून तयारी करतो. छत्री टाकीच्या मागं बसवून घेतली, कुणाला दिसू नये म्हणून. त्याला कळलं माझ्या घरी आहे, तर तो म्हणेल, मग घरीच बघा.”

मला हसावं की रडावं कळेना. पन्नास-साठ किलोमीटरच्या दोन टोकांना दोन म्हातारे, दोघांनी पोटाला चिमटा काढून तेच चॅनेल घेतलेलं, आणि दोघेही एकाच भीतीनं अर्धमेले. माझा संताप झाला. निरोपाचा मी पार चुथडा केला. म्हणालो, “टीव्हीबिव्ही काही बिघडलेला नाही. त्यांचं चॅनेल गेलंय, आणि तुम्ही येणार नाही म्हणून त्यांचं धाबं दणाणलंय. भाऊ आहे ना तुमचा? मग उद्या असेच जा की!”

“असंच?” थोरले दचकून म्हणाले. “असंच कसं जायचं?”

शनिवारी मी सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला टीव्हीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स. रात्रभर विचार करून त्यांनी हा तोडगा काढला होता. न्हावऱ्याला चहासुद्धा घेतला नाही. दौंड जवळ आलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. प्रार्थना म्हणत असावेत, किंवा टाचण.

मामा दारातच उभे होते. टीव्ही झाकून ठेवलेला. थोरल्यांना बघून त्यांचा चेहरा आधी फुलला, मग पांढरा पडला. थोरल्यांनी डबा टेबलावर ठेवला. मामांनी तो उलटसुलट करून बघितला, मागचा शिरूरच्या दुकानाचा शिक्का वाचला. मामी पदराला हात पुसत दारात येऊन थांबल्या. मला वाटलं, संपलं आता सगळं.

“दादा,” मामा म्हणाले, “हे कवापासनं?”

अकरा वर्षांत पंचाला मध्ये न घेता विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

“तीन वर्षं झाली.”

“आन् तरी तुम्ही एसटीनं हेलपाटं घालत व्हता?”

थोरले सुचलं ते म्हणाले, “तुझा पडदा मोठा आहे.” मामांचा टीव्ही थोरल्यांच्या टीव्हीच्या निम्मा आहे. मामींनी तोंडात पदर कोंबला आणि त्या आत पळाल्या.

डबा जोडला, आणि तो लागलाच नाही. कंपनी वेगळी. मामांची छत्री एका दिशेला तोंड करून बसलेली, थोरल्यांचा डबा भलतीकडचं मागणारा. हे आम्हा तिघांपैकी एकाही शहाण्याला आधी सुचलं नव्हतं. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी निळी पाटी आली. दोघे भाऊ दिवाणावर बसून दीड तास त्या पाटीकडे बघत होते. पंच नाही, शिट्टी नाही, काही नाही. मग मामा म्हणाले, “आईच्या दगडावर तुमचंच वचन टाका.” थोरले म्हणाले, “नको, तुझंच बरोबर होतं.” “न्हाई, तुमचंच.” “अरे मी सांगतो ना, तुझंच!” बघता बघता आवाज चढले, आणि मामींनी आतून ओरडून सांगितलं की दोन्ही टाका आणि चहा प्या.

दगडावर आता दोन्ही वचनं आहेत. जागा कमी पडली म्हणून खालचं जरा दाटीवाटीनं बसलंय. पुढच्या पेन्शनीत मामांनी फुटबॉलचा पॅक घेतला नाही. मामींच्या मालिका परत आल्या, आणि शनिवारी आता दोघे भाऊ दिवाणावर बसून त्या मालिकांतल्या सासूला शिव्या देतात.

भीती गेली असेल असं मला वाटलं होतं. कुठली जातेय! मागच्या शनिवारी मी दौंडला होतो, तर मामा गाडीच्या तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभे. मी म्हणालो, “मामा, आता कशाला घाबरता? चॅनेलचा प्रश्न मिटला की.” ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर वर्सांचा मानूस एसटीनं येतोय. एखाद्या शनिवारी गाडी येईल आन्...” मग म्हणाले, “दुसऱ्याची मालगाडी स्टेशनातनं गेली की आम्ही शेवटच्या डब्यामागची पाटी बघायचो. ती दिसली की गाडी पुरी आली. मधी डबा सुटला न्हाई. ती दिसंपतूर श्वास धरून ठेवायचा.”

गाडी आली. कांद्याच्या पिशव्या घेतलेल्या बाया उतरल्या, कॉलेजची पोरं उतरली, कडेवर लेकरू घेतलेला एक माणूस उतरला. मामा एकेक मोजत होते, आणि त्यांच्याबरोबर माझाही श्वास अडकला होता. दार रिकामं झालं. कंडक्टरनं आत वळून बघितलं आणि तो थांबला. मग गुडघ्यावर हात ठेवत, दांडा धरत, सगळ्यांच्या शेवटी थोरले उतरले.