पानं खाल्लेलं झाड

“चालतंय ते, चालतंय. कावळ्याची शीट चालतेय, या, बघा सगळे.” आमच्या टॉवरचे सेक्रेटरी नाईक पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत उभे राहून ओरडत होते, आणि असे ओरडत होते की तेविसाव्या मजल्यावरच्या कबुतरांनी त्या दिवसापुरती दुसरी इमारत बघितली. त्यांच्यापुढे लिंबाची कुंडी होती. लिंबाच्या पानावर काळपट-पांढरं, ओलं ओलं काहीतरी होतं. कावळा आत्ताच बसून गेला अशी कुणीही शपथ घेतली असती. आणि ते खरोखरच देठाच्या दिशेने निघालं होतं. मी चार हात लांब, मिटलेली छत्री भाल्यासारखी पुढे धरून उभा. ती शीट नसून फुलपाखराची अळी आहे हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असल्याने किळस कमी होते असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुनंदावहिनी होत्या, दत्ताची बायको, इस्पितळातून. “गेले,” एवढंच म्हणाल्या... मी फोन खिशात ठेवला आणि नाईकांना म्हटलं, “दत्ता गेला.” नाईकांनी हात जोडले, डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे म्हटले असावेत, मग डोळे उघडले. “फार वाईट झालं. मग आता ह्या कुंड्या कोण उचलणार?”

दत्ताराम साटम माझा चाळीपासूनचा शेजारी. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा आम्ही बिल्डरच्या हाफिसात इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई आम्हाला घरची माणसं समजून पाणीसुद्धा विचारेनासा झाला. पण एका मजल्यावर, समोरासमोरची घरं मिळवलीच. दत्ता परळच्या एका मोठ्या इस्पितळात लॅब टेक्निशियन होता, छत्तीस वर्षं. माणसाच्या अंगातून जे जे निघतं आणि डबीत भरता येतं, ते सगळं त्याने काचेखाली पाहिलं होतं. गिरणगावातली निम्मी माणसं मला चेहऱ्याने माहीत, दत्ताला आतून. एकदा लालबागच्या बाजारात एका सभ्य गृहस्थांनी त्याला वाकून नमस्कार केला. मी विचारलं, “कोण रे?” दत्ता म्हणाला, “चेहरा नाही आठवत. जंत आठवतात.” असा माणूस शेजारी, आणि मी दुधावर साय दिसली तरी पेला परत पाठवणारा. तो मुद्दाम माझ्याकडे जेवायला बसून, सोलकढीचा भुरका मारत, दिवसभरात काय काय पाहिलं ते रंगासकट सांगायचा. मी ताटावरून उठलो की माझ्या वाटची बांगड्याची तुकडी उचलायचा आणि मालवणीत म्हणायचा, “मेल्या, तुका सगळ्याचीच किळस येता. मगे तू जगतंस कसो?” माझ्या आयुष्यातले एकंदर चारशे बांगडे ह्या माणसाने खाल्ले असतील. कमीच सांगतोय.

निवृत्त झाल्यावर सोसायटीने पोडियमची बाग त्याच्या गळ्यात मारली, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. बिल्डरने लावून दिलेली बाग ती. रांगेत उभे केलेले पाम, चकचकीत पानांची रंगीत झुडपं, फुलं म्हणाल तर कोबीएवढी. दत्ता पहिल्या दिवशी तिथल्या बाकावर दोन तास बसून वर आला आणि म्हणाला, “शिरपा, एक माशी नाही रे. शवागारात ह्याहून जास्त हालचाल असते.” आणि मला ओढत दादरला, एका रोपवाटिकेत घेऊन गेला. तिथे त्याने जे मागितलं ते ऐकून तिथल्या दुकानदाराने हातातला पाण्याचा पाइप स्वतःच्या चपलेत सोडला. “पानं खाल्लेलं झाड द्या.”

“खाल्लेलं? काका, ते मागे टाकलंय, फेकायला. कीड लागलीये त्याला.”

“म्हणजे चवीचं आहे. तेच द्या.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे. मग दत्ता प्रत्येक फुलझाडासमोर उकिडवा बसत सुटला. दहा मिनिटं बघायचं. तेवढ्यात मधमाशी, फुलपाखरू, भुंगा, कुणीही आलं की झाड पास, नाहीतर नापास. दुकानदाराने मोठ्या प्रेमाने दुहेरी जास्वंद पुढे केली, पाकळ्यांचा नुसता घेरदार परकर. दत्ता म्हणाला, “लग्नाच्या हॉलसारखं झालं हे. कमान मोठी, आत पंगत नाही. एवढ्या गर्दीत मध कुठाय ते इवल्याशा शिंजीर पाखराला सापडेल काय? एकेरी द्या, गावठी.” संध्याकाळपर्यंत आम्ही तिथे होतो. माझ्या गुडघ्यांनी तेव्हाच राजीनामा दिला, तो अजून मागे घेतलेला नाही.

मग बाग भरली. लिंबू, रुई, एकेरी जास्वंद, तुळशीच्या सात कुंड्या, आणि घाणेरी. तीच ती, रानात वाटेवर कुठेही उगवते, पान चुरगळलं की वास सोडते, बारीक फुलांचे केशरी-गुलाबी गुच्छ. त्या गुच्छांवर फुलपाखरं अशी तुटून पडायची, जशी लग्नात आइस्क्रीमच्या टेबलावर आपली माणसं. फळ धरायच्या आत दत्ता ती छाटायचा, म्हणायचा, “मोकळी सोडली तर चर्चगेट गाठेल.” प्रत्येक कुंडीला त्याने हाताने रंगवलेली पाटी लावली होती आणि हिच्या पाटीवर लिहिलं होतं, घाणेरी. आमच्या टॉवरचं नाव असं आहे की उच्चारताना जीभ आधी टाय बांधते. तिथे घाणेरी म्हटल्यावर नाईक धावत आले. “साटम, पाहुणे येतात. लँटाना लिहा हवं तर.” दत्ताने आज्ञाधारकपणे पाटीवर दुसरी ओळ घातली: ‘ज्यांना लाज वाटते त्यांनी लँटाना म्हणावे.’

नाईकवहिनींचं दुखणं निराळं. तुळशीला मंजिऱ्या आल्या की खुडायच्या, नाहीतर तुळशीचं डोकं दुखतं, हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलेलं. आणि दत्ता एक मंजिरी कुणाला खुडू देईना, कारण सकाळी दहाच्या सुमारास त्या मंजिऱ्यांवर मधमाशांची शाळा भरायची. “तुळशीचं डोकं दुखतं हो साटम.” “गोळी देतो. पण मंजिऱ्या राहू द्या.” त्या खुन्नसने रुईकडे वळल्या. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करायची म्हणून भल्या सकाळी पानं तोडून नेली, चष्मा न लावता. देवळात पुजाऱ्याने माळ घातली आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी मारुतीच्या गळ्यातून निघून खांद्यावर, खांद्यावरून गदेवर... त्या दिवशी परळमध्ये कुणी हनुमान चालिसा पूर्ण केली नाही असं म्हणतात. नाईकवहिनी भांडायला आल्या तर दत्ता म्हणाला, “ब्रह्मचारी देव, जरा सोबत झाली. आणा ती परत, उपाशी असेल.”

पावसाळा संपता संपता तो आजारी पडला आणि नेमका आपल्याच जुन्या इस्पितळात जाऊन पडला. भेटायला गेलो की स्वतःचे रिपोर्ट बाजूला सारायचा. “लिंबावर किती आहेत?”

“मोजल्या नाहीत.”

“मोज. आणि नाईकाला औषध मारू देऊ नको. बाकी काही नाही मागत. पाणी माळी घालेल. तू फक्त औषध अडव. शब्द दे.”

मी शब्द दिला. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, काचेखालचा नमुना बघावा तसा... मग कूस बदलून झोपला.

इथपर्यंत जिथे जमलं तिथे मी मीठ-मसाला घातला आहे, वाचकांनी तो चाळून घ्यावा. इथून पुढे घालत नाही. तेराव्या दिवशी पोडियमवरच शोकसभा ठरली. आदल्या दिवशी नाईकांचा फोन आला. मी दत्ताचे फोटो पसरून बसलो होतो, एकाही फोटोत हा माणूस धड उभा नव्हता. नाईक म्हणाले, “श्रीपादराव, उद्या बाहेरची मंडळी येणार, डास फार झालेत. फवारणी करून घेऊ ना? तुम्ही जवळचे, म्हणून विचारतो.” मी फोटोंवरून नजर न काढता म्हटलं, “करा हो, काय ते करा.”

सभेला खाली उतरलो तेव्हा गोडसर, घशात चिकटणारा वास होता. तुळशीच्या कुंड्यांखाली लाद्यांवर मधमाशा पडल्या होत्या. काही निपचित, काही पाठीवर पडून स्वतःभोवती फिरत. रुईच्या पानांवर अळ्या ओल्या वातींसारख्या लोंबत होत्या. आणि त्यांच्या वर, त्याच फांद्यांना, सजावटवाल्याने प्लॅस्टिकची फुलपाखरं बांधली होती, चमकी लावलेली, स्प्रिंगवर थरथरणारी. घाणेरीची पाटी जांभळ्या सॅटिनच्या गाठीखाली झाकली होती. मी नाईकांना कोपऱ्यात घेतलं. “औषध कुणाला विचारून मारलंत?” ते प्रामाणिकपणे चकित झाले. “तुम्हालाच की.”

मग नाईक माइकवर गेले आणि त्यांनी जाहीर केलं की साटमसाहेबांच्या स्मरणार्थ ह्या जागी कृत्रिम हिरवळ घालून कीडमुक्त फुलपाखरू उद्यान करण्यात येईल. कीडमुक्त फुलपाखरू उद्यान. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अळी नको आणि फुलपाखरू हवं, म्हणजे पोर न होता थेट जावई हवा, आणि तोही प्लॅस्टिकचा चालेल. पण त्या घाणीत मी कुठे वेगळा होतो? माझं नाव पुकारलं, मी गेलो, आणि दत्ता निसर्गप्रेमी होता असं मीही म्हणालो. माइकशेजारच्या टेबलावर एक मधमाशी पाठीवर पडून गरगरत होती. मी भाषणाचा कागद तिच्यावर ठेवला आणि बोलत राहिलो. नंतर कॉफी घेतली. चांगली होती, म्हणून दुसऱ्यांदाही घेतली. जन्मभर सायीची, शेंबडाची, अळीची किळस करत आलेल्या माणसाने, त्या कागदाखाली काहीतरी अजून थरथरतंय हे दिसत असताना, दोन कप कॉफी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदावहिनींकडे गेलो. त्या ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं. दत्ताला दिलेला शब्द, नाईकांचा फोन, मी काय म्हणालो ते, कागद, कॉफी. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. तेव्हा माझं लक्ष फ्रिजच्या डोक्यावर गेलं. मुरंब्याच्या तीन बरण्या, पाण्यात लिंबाच्या फांद्या, वरून जुन्या साडीचा जाळीसारखा पातळ तुकडा बांधलेला. आत करंगळीएवढ्या हिरव्या, गुबगुबीत अळ्या पानं कुरतडत होत्या, आणि एका फांदीला बारीक धाग्याने स्वतःला बांधून घेतलेला कोष.

“ह्या कधी आणल्यात वहिनी?”

“हे गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. रोज थोड्या थोड्या. रुईवरच्या राहिल्या, त्या नाही जमल्या.”

“पण तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच,” वहिनी म्हणाल्या. “म्हणाले, शिरपाला सांगितलंय, तेव्हा तू लक्ष ठेव.”