भास्करभाऊंचा जोड चांगलाच होता

गेल्या मंगळवारी दुपारी रफिकभाईंनी मला फोनवर सरळ ‘नाही’ म्हटलं... आणि त्या एका ‘नाही’पासून माझी झोप उडाली आहे.

मी मेहकरला एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. गावोगावची फायबर लाइन चालू आहे की बंद, हे माझ्या स्क्रीनवर दिसतं. चालू असेल तर गावाचं नाव हिरवं, तुटली की लाल. टेक्निशियन जागेवर जाऊन तार जोडतो आणि मला फोन करून विचारतो, हिरवं झालं का?

मंगळवारी डोणगावची लाइन तुटली होती. रफिकभाईंनी जोडली, फोन केला. मी म्हटलं, अजून लालच आहे, जोड उघडून परत करा.

“काऊन उघडू म्याडम? इथं दुकानदार माह्यासमोर व्हिडिओ पाहून राह्यला. चांगला जोड मी नाही तोडत. तुमचं मशीनच पहा एकदा.”

मी फोन ठेवला. हेच मी भास्करभाऊंना तीन महिने सांगत होते. आणि त्यांनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

भास्करभाऊ रफिकभाईंच्या आधी त्या भागात होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. “हाव ताई, पाहतो परत,” म्हणायचे आणि दुसरबीडच्या रस्त्यावर उन्हात बसून चांगला जोड पुन्हा तोडायचे, पुन्हा जोडायचे. माझी स्क्रीन पाऊण तासाने हिरवी व्हायची. महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो पाऊण तास त्यांच्या नावावर जायचा... दुरुस्तीला उशीर. खाली माझी सही.

असे तीन रिपोर्ट गेले. संक्रांतीच्या आधी सरांनी त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मंगळवारी मी पहिल्यांदा लॉग उघडून नीट वाचला. लॉग म्हणजे प्रत्येक गावातल्या यंत्राने पाठवलेली एकेका ओळीची खबर. ओळीत यंत्राने स्वतःची वेळ लिहिलेली असते, आणि शेजारी आमचं सॉफ्टवेअर ती ओळ वाचल्याची वेळ टाकतं. डोणगावच्या यंत्राने लिहिलं होतं, दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू. शेजारी वेळ होती दोन पंचावन्न.

दोन्ही वेळा एकाच ओळीत होत्या. मी इतके दिवस दुसरीच वाचत होते, कारण रिपोर्टमध्ये तीच येते.

मग शोधायला लागले. मेमरी भरपूर रिकामी, डिस्कला काही नाही, सर्व्हरवर लोडही नाही. तरी न वाचलेल्या ओळींची रांग वाढतच होती. रात्री ओळी कमी येतात, तेव्हा रांग संपायची. म्हणून सकाळी सगळं वेळेवर वाटायचं आणि दुपारपर्यंत पाऊण तास मागे पडायचं. सॉफ्टवेअर काम करत नव्हतं, कोणाची तरी वाट बघत होतं...

सरांना स्क्रीनवर यंत्रांचे आकडे नको होते, गावांची नावं हवी होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच सेटिंग केलं होतं. प्रत्येक ओळ आली की सॉफ्टवेअर कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरला विचारायचं, हा आकडा कोणत्या गावाचा? तो सांगायचा. आता तो उत्तरच देत नव्हता. दोन सेकंद वाट बघून सॉफ्टवेअर आधीचं लक्षात असलेलं नाव लावायचं आणि पुढच्या ओळीला पुन्हा विचारायचं; हेच दोन-दोन सेकंद साचून पाऊण तास होत होता. नावं दिसत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही.

मी उठून कोपऱ्यात गेले. कॉम्प्युटर बंद होता. त्यावर झेंडूची वाळलेली माळ, आणि कुंकवाचं बोट.

बोट माझंच. खंडेनवमीला पूजेपुरतं यंत्र बंद ठेवायचं, त्यालाही एक दिवस विसावा, असं आमच्या घरी लहानपणापासून. गेल्या नवरात्रात ऑफिसातही जी बंद ठेवता येतील ती मशिनं मीच बंद केली, पुसली, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी बाकीची चालू केली. याला स्क्रीन नाही, आवाज नाही... हा राहून गेला.

बटण दाबलं. दहा मिनिटांत रांग संपली.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “झालं ना सुरू? मग आता जुनं कायले उकरता?”

रविवारी डोणगावला भास्करभाऊंच्या घरी गेले. ते आता धान्याच्या आडतीवर पोती मोजतात. मी अंगणात बसून सगळं सांगितलं, माळेसकट. त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

“म्हंजे माहा जोड बराबर होता?”

“पहिल्यांदाच बरोबर होता, भाऊ.”

“मले वाटे, हातच गेला आपला. डोये तपासले, चष्मा घेतला...” ते हसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, “ताई, हे तिथं लेखी देलं का तुम्ही? का आमालेच सांगून राह्यल्या?”



सोमवारी लेखी दिलं. तिन्ही रिपोर्ट चुकीचे आहेत, चूक माझी आहे, भास्करभाऊंना परत बोलवा. अजून उत्तर नाही. सर माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

रफिकभाईंचे मनापासून आभार, त्यांनी माझं ऐकलं नाही. भास्करभाऊंनी ऐकलं... त्यांचा स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास होता.