बनाबाईचा दाभण

बनाबाई रागावलेली नाही, असा एक दिवस मला आठवत नाही. आमच्या साखर कारखान्याच्या गोदामात ती पोती शिवायची. दाभणात सुतळी ओवताना अशी बघायची, की आपलंच काहीतरी चुकलं असं पोत्यालाही वाटावं. टाइम ऑफिसातून हजेरी घ्यायला मी जायचो, तो तिच्यापासून दोन पोती लांब उभा राहायचो.

बाई जतच्या पलीकडची, कानडी बोलणारी. मराठी लग्नानंतर शिकली, ती बहुधा भांडता यावं म्हणूनच.

त्र्याहत्तरच्या हंगामात तिच्याच भागातला अर्जुना धनगर यंत्राकडे जाणाऱ्या गव्हाणीवर ऊस सारायला लागला. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्याचं मेंढरांचं अख्खं खांड मेलं होतं. कामाला माणूस चोख. पण सफाईसाठी गाळप थांबलं, यंत्रं गप्प झाली, की हा घोंगडं पांघरून कोपऱ्यात बसायचा आणि कानडीत हाका मारत सुटायचा. लोकांना फुकटची करमणूक झाली. "येड्या, त्ये बघ आलं तुझं मेंढरू!" असं म्हणून कुणीतरी बेंऽ बेंऽ करायचं. हसणाऱ्यांत मीही होतो.

तिसऱ्या सफाईला लेबर ऑफिसर हंबीरराव साहेबांनी डॉक्टर बोलावले. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, मराठीतून चार प्रश्न विचारले. अर्जुना घाबरला आणि भडाभडा कानडीत बोलू लागला. कागद तयार झाला : 'असंबद्ध बडबड करतो. वेडसर. कामास अपात्र.' टाइप मीच केला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, ही त्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

साहेब पेन उघडताहेत, तोच बनाबाई दाभणासकट आत.

"सायेब, काय लिवलंय ह्यात?"

मी वाचून दाखवलं.

"असंबद्द म्हंजी?"

"ज्याला अर्थ नाही असं," मी म्हणालो.

"आर्थ न्हाई? आवं, चांगलं नीट कानडी बोलतोय त्यो! तुमास्नी कळंना, तर येडा त्यो कसा? उद्या ह्ये डाक्तर आमच्या गावात आलं, तर आमी त्यास्नी बांधून घालायचं व्हय?"

"बाई, जरा शिस्तीत," डॉक्टर म्हणाले.

"शिस्त? आपल्या हातानं मेंढरं पुरून आलाय गडी, आन तुमी त्येची जीब बघता!" ती अर्जुनाकडे वळली. "येनातो?"

काय झालं रे, एवढंच. दोन महिन्यांत कारखान्यात हे कुणी त्याला विचारलं नव्हतं.

अर्जुना बोलत गेला, ती मराठीत सांगत गेली, आणि वाक्यागणिक तिचा आवाज चढत गेला. जन्मापासून तो मेंढरांच्या आवाजात झोपलेला. यंत्रं चालू असली की कान भरलेले असतात. थांबली की सगळं ओस. छाती धडधडते. मेलेली परत येत नाहीत, हे त्याला कळतं. पण हाक मारली की तेवढा वेळ श्वास घेता येतो.

डॉक्टर हळू म्हणाले, "मनाला लागलंय याच्या. पण माझ्याकडे यावर औषध नाही."

"औषद कोन मागतंय? त्यो कागुद मागतीया!"

कागद कुणी देईना. बाईनं दाभण उचलला आणि कागदातून आरपार टेबलात घुसवला. तिला अक्षरओळख नव्हती, तरी भोक पडलं ते 'वेडसर'वर.

"फाटक्या कागदावर सही चालत नाही, साहेब," मी म्हणालो. माझ्या नोकरीतलं तेवढंच शौर्य. हंबीररावांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि पेन मिटलं.

अर्जुनाला गोदामात घेतलं. गाळप थांबलं की बनाबाई त्याला शेजारी बसवायची आणि रोज एका मेंढराबद्दल विचारायची : रंग कसला, शिंगं कशी, खोड काय, मेलं कुठं. त्यानं आटोपतं घेतलं की खेकसायची. बेंऽ बेंऽ करणाऱ्यालाही तिनं कान धरून समोर बसवलं.

एकदा हजेरी घेऊन मी निघालो, तर माझ्यावर ओरडली, "बसा खाली! कानतुटक्या मेंढराचं चाललंय."

"मला कानडी कुठं कळतंय, बाई?"

"मग शिका की," ती दाभण रोखून म्हणाली. "का तुमास्नीबी तसला कागुद करून देऊ?"